गुंजनचे किडे

१२ ऑगस्ट, सोमवार

रिटायर झाल्यापासून मी फार बोलतो असं प्रेमिलाचं म्हणणं आहे. काल म्हणाली, "मले कायले सांगता सारं? लिहून ठेवत जा ना कोठंतरी." म्हणून गुंजनच्या खोलीत पडलेली एक कोरी डायरी घेतली. साल जुनं आहे, वार माझ्या हातानं टाकतो.

मी छोटेलाल बिसेन. जन्मभर लाईनमन होतो. त्या कामात एक बरं होतं. गावात अंधार झाला की त्याला कारण असायचंच. तार तुटलेली, फ्यूज उडालेला, नाहीतर डीपीवर खार चिकटलेली. शोधत गेलं की सापडायचं. आता घरी बसून मला बऱ्याच गोष्टींचं कारण सापडत नाही.

आज घरामागच्या महारुखाच्या झाडावर एक अजब किडा पाहिला. बोटाच्या दोन पेरांएवढा. अंग राखी-हिरवट, त्यावर काळे ठिपके, शेपटाशी कापसासारखं पांढरं. आणि तोंडासमोर वर वळलेलं बारीक शिंग! साठ वर्षांत असला किडा मी बघितला नाही. किंवा तो होता आणि मी खांबांकडेच बघत राहिलो.

मग डोक्यात आलं. गुंजन, म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला असते. जावई वीरेंद्र तिथं कंपनीत आहे. तिचा व्हिसा नोकरीचा नाही, म्हणून शनिवारी ती तिथल्या लोकांबरोबर झाडांवरचे किडे मोजायला जायची. लँटर्न फ्लाय म्हणतात. तिनं मागल्या वर्षी व्हिडिओ पाठवले होते. ठिपक्याचे पंख, आणि शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ते बुटाखाली चिरडत होते. दिसला की मारा, असा तिथं हुकूमच आहे.

मीही चप्पल काढली. नीट बघितलं तर खोडावर आणखी होते. हाती लागले तेवढे मारले. फोटो काढून गुंजनला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुझं काम इकडे मी केलं."

१४ ऑगस्ट

गुंजननं फोटो बघितला, निळ्या खुणा आल्या, पण उत्तर नाही. हल्ली ती कशालाच उत्तर देत नाही. जावयाचे मात्र रोज सकाळी फुलाचे फोटो येतात, "सुप्रभात बाबूजी". पोरगा गुणी आहे.

प्रेमिलाचं काही कळत नाही. सकाळी सहाला फोन घेऊन मागच्या अंगणात जाते. विचारलं तर म्हणते, "हवा खाऊन राहिली." लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईनं कधी हवा खाल्ली नाही. काल गुंजनच्या खोलीतली युरियाची पोती तिनं एकटीनं ओढून ओसरीत आणली. काऊन, तर उंदीर झाले. एकही उंदीर मला दिसला नाही. आज जराशी उघडीप होती तर जाड गोधडी उन्हात टाकली. भर ऑगस्टात गोधडी कोणाला लागते?

जेवतही नाही नीट. मला वाटतं तिला शुगर असावी. तालुक्याला, गोरेगावला नेऊन रक्त तपासायला पाहिजे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीसमोर किड्याची गोष्ट निघाली. मीच काढली. फोटो दाखवला. भोजराजनं त्याच्या फोनवरचा एक हिंदी व्हिडिओ काढला, "अमरीका का किसान बर्बाद". भोजराजचं धानाचं शेत माझ्या अंगणाला लागून आहे, महारुखाची एक फांदी त्याच्या धानावर जाते.

तो म्हणाला, "हाच थो किडा जी, छोटेलालभाऊ. तुमची गुंजन दोन साल आधी आली होती ना? तिच्या सामानातून आला."

सगळे हसले. मीही हसलो, पण वाटलेला पेढा तसाच हातात राहिला. पोरीनं येताना चॉकलेटं आणली होती, आणि माझ्यासाठी टेस्टर. किडे कशाला आणेल?

घरी येऊन प्रेमिलाला सांगितलं. तिनं हातातलं ताट ठेवलं. "कोन मनला, गुंजनच्या सामानातून?" एवढंच विचारलं आणि आत गेली. मला वाटलं होतं भोजराजवर चिडेल.

१८ ऑगस्ट, रविवार

आज पहाटे गुंजनचा व्हिडिओ फोन आला. माझ्या फोनवर! कितीतरी दिवसांनी.

"बाबूजी, मारले काऊन तुमी?" आवाज भरलेला. मी घाबरलो, कोण मेलं?

"किडे जी! फोटोतले!"

मी म्हटलं, "अगं, तूच तर सांगितलं होतंस, दिसला की मारा."

"थो इथला. तुमी मारला थो तिथलाच आहे, बाबूजी. आपला आहे."

मग अर्धा तास बोलली. इथला म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा किडा मूळचा चीनकडचा. दगडांच्या मालाबरोबर अंडी आली असावीत म्हणतात. तिकडे त्याला खाणारं कोणी ओळखीचं नाही, म्हणून माजला. आपल्या महारुखावरचा त्याच घराण्यातला, पण वेगळ्या जातीचा. तो इथं आपल्या आजोबा-पणजोबाच्या आधीपासून असेल. त्याला खाणारे पक्षी आहेत, कोळी आहेत, अंड्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या आहेत. तो कोणाचं काही बिघडवत नाही. आणि गंमत अशी की तिकडचा किडा ज्या झाडावर सगळ्यात जास्त बसतो ते आपल्या महारुखाचा चुलतभाऊ आहे.

"म्हणजे तिकडे मारायचा आणि इकडे नाही?"

"हो."

"एकाच घराण्यातला?"

"हो ना बाबूजी."

मला हे नीट पचलं नाही. पण ती बोलत होती म्हणून मी मध्ये बोललो नाही. तिच्या मागची भिंत निळी दिसली. त्यांच्या घरात सगळ्या भिंती पांढऱ्या आहेत. मी विचारलं, तर म्हणाली, "मैत्रिणीकडे आली." रात्रीचे साडेआठ वाजले असतील तिकडे. जावई कुठे, विचारलं. "घरी." चांगलं आहे, अमेरिकेत नवरे घर सांभाळतात.

प्रेमिला दारात उभी राहून सगळं ऐकत होती. फोन ठेवला तसा तिनं पदर डोळ्याला लावला. कांदे चिरत नव्हती.

२३ ऑगस्ट

आता गुंजनचा एक दिवसाआड फोन येतो. किड्याबद्दल विचारते आणि मी सांगतो. मी रोज महारुखापाशी खुर्ची टाकून बसतो. वाचलेले आहेत की नवे आले, कळत नाही, पण पाच-सहा दिसतात. जवळ गेलं की उडत नाहीत, खोडाच्या पलीकडे सरकतात. अगदी साहेब आल्यावर आमची लाईनवरची पोरं सरकायची तसे.

आज मी तिला माझी मोठी तक्रार सांगितली. याला लँटर्न म्हणतात, कंदील. परवा दिवेलागणीला मी तिथंच बसून राहिलो, डोळे फाडून. काही उजेड नाही. शिंग काळंच्या काळं.

गुंजन हसली! "बाबूजी, यातला एकही उजेड पाडत नाही. जुन्या काळी कुण्या बाईनं लिहिलं का याचं शिंग चमकते, आणि सगळे तेच सांगत राहिले."

"अन् नाव तसंच ठेवलं?"

"तसंच ठेवलं."

हा काय कारभार झाला? आमच्यात बंद पडलेल्या लाईनला चालू म्हटलं असतं तर माणूस मेला असता.

तिनं फोटो पाठवले. दक्षिण अमेरिकेतला एक, त्याचं डोकं न सोललेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखं. आसामकडचा एक, हिरवे पंख आणि लाल सोंड, सोंडेवर पांढरे ठिपके. एकाला तर शिंगच नाही, सालीसारखा सपाट, झाडावर बसला तर त्याच्या आईलाही दिसणार नाही. सगळे एकाच घराण्यातले. आणि आपल्या धानावरचा तुडतुडा, ज्याच्या नावानं गाव बोंबलतं, तोसुद्धा लांबचा नातलग!

मी म्हटलं, "हे भोजराजला सांगू नको."

पुन्हा हसली. मग मध्येच म्हणाली, "बाबूजी, तुमी बरे आहात ना? बीपीची गोळी घेता ना?" मी म्हटलं, माझं काय, तुझ्या मायला शुगर झाली आहे बहुतेक.

२८ ऑगस्ट, बुधवार

आज जावयाचा फोन. नेहमी मेसेज करतो, आज फोन. "प्रणाम बाबूजी. गुंजनचं तुमच्याशी बोलणं होतं का?"

"होतं की. सारं किड्यांचंच."

"तेच ना. तिचं लक्ष दुसरीकडेच असतं. जिद्दी झाली आहे थोडी. तुमचं ऐकेल ती. तिला सांगा, घरी ये."

"घरीच तर आहे ना?"

त्यानं घसा खाकरला. मग हसला. "हो हो, म्हणजे घरात लक्ष दे, असं."

भला माणूस आहे, बायकोची तक्रारसुद्धा आडूनच करतो. मला वाईट वाटलं. मीच तिला किड्यांच्या नादी लावलं असं वाटलं.

२९ ऑगस्ट

गुंजनचा सकाळी फोन आला. ती काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, "बेटा, किडे होत राहतील. वीरेंद्र एकटा पडून राहिला. थोडं सांभाळून घेत जा. घर पहिले."

तिकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं.

"ठीक आहे बाबूजी," म्हणाली, आणि ठेवला.

चांगलंच सांगितलं ना मी? मग प्रेमिलानं चहाचा कप माझ्यासमोर असा काऊन आपटला?

१ सप्टेंबर

फोन नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. प्रेमिला माझ्याशी बोलत नाही. दोन्ही फेज एकदम गेल्यासारखं वाटतं आणि फॉल्ट कुठे ते माहीत नाही.

भोजराजच्या धानाला खालून गोल गोल वाळवी लागल्यासारखी जागा पडली आहे. तो बांधावर उभा राहून महारुखाकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज मारबत होती, रोगराई गावाबाहेर घालवायचा दिवस. काल पोळा झाला. आज पहाटे रिवाजाप्रमाणे सगळे पळसाच्या फांद्या घेऊन सीमेकडे निघाले, "खोकला-खासी घेऊन जाय गे मारबत! मच्छर-माशी घेऊन जाय गे मारबत!" मीही चार पावलं गेलो होतो. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अमेरिकेचा किडा घेऊन जाय गे मारबत!" आणि पंधरा-वीस जण वळले ते सरळ माझ्या अंगणात.

काठ्यांनी खोडाला मारायला लागले. एकानं रॉकेलची बाटली आणली होती. मी धावलो. बुंध्याला पाठ लावून उभा राहिलो. खांबावर जन्म गेला, झाडाला पाठ लावायची वेळ पहिल्यांदा आली.

"हा धानावरचा किडा नाही," मी म्हटलं. "गुंजननं सांगितलं आहे. तिचं शिक्षण त्याच्यातच झालं."

भोजराज पुढं आला. घामानं डबडबला होता, त्याचं धान चाललं आहे, मला समजत होतं. पण त्यानं जे म्हटलं ते असं, "नवऱ्याले सोडून लोकाच्या घरी राहून राहिली, अन् थे आमाले शिकवन काय?"

काठ्या मारणारे थांबले. भोजराजनं जीभ चावली. त्याच्या तोंडातून निघून गेलं होतं.

"कोन?" मी विचारलं.

"जाऊ द्या जी भाऊ."

"कोन सोडून राहिली?"

त्यानं मान खाली घातली. "आमचा पोरगा हिमांशू वीरेंद्रच्या दोस्तीत आहे ना. त्याले समजलं. मले वाटलं, तुमाले ठाऊक आहे."

लोक एकेक करून निघून गेले. काठ्या तिथंच पडल्या. मी घरात गेलो. प्रेमिला चुलीपुढे बसलेली होती. तिला बाहेरचं सगळं ऐकू आलेलं होतं.

त्याच दिवशी, दुपारी

प्रेमिलानं सगळं सांगितलं. होळीपासून पोरगी वेगळी राहते. एका तेलुगू मैत्रिणीच्या घरी. आधी वीरेंद्र तिचा फोन ठेवून घ्यायचा. शनिवारी किडे मोजायला जाते म्हणून भांडायचा, तिथं कोण कोण असतं म्हणून. मग हात उचलला. जानेवारीत बर्फ पडत असताना गाडीतून उतरवून दिलं आणि निघून गेला. ती मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालत पेट्रोल पंपापर्यंत गेली.

मी विचारलं, "मले काऊन नाही सांगितलं?"

"तिनंच नको मनलं. 'बाबूजी मनतील, सांभाळून घे.'" प्रेमिला माझ्याकडे बघत होती. "अन् तुमी तेच मनले. काही ठाऊक नसून तेच मनले."

पोती उंदरांसाठी नव्हती काढली. खोली गुंजनसाठी रिकामी केली होती, गोधडीही तिच्यासाठीच. शुगरही नाही.

मला अजून एक गोष्ट समजत नाही. हा मुलगा बघायला आला तेव्हा वाकून पाया पडला होता. चांगला वाकला होता. मी माणसं ओळखतो असं मला वाटायचं.

४ सप्टेंबर

गुंजनला मेसेज लिहायला बसलो. "तुझ्या मायने सांगितलं" लिहिलं, पुसलं. "मला माहीत नव्हतं" लिहिलं, पुसलं. ती म्हणेल, विचारलं कुठं होतं? "चूक झाली" असं बापानं पोरीला कसं लिहायचं, मला माहीत नाही. "त्याला सोडू नको" की "त्याला सोड", यातलं काय लिहायचं तेही माहीत नाही. तिचं घर मोडावं असं कोणता बाप म्हणेल? आणि बर्फातून ती चालत गेली त्या घराला घर कसं म्हणू?

शेवटी महारुखापाशी गेलो. फोटो काढून पाठवला. "आज चार दिसले. एक जण फांदीखाली उलटा बसला आहे. कायले?"

६ सप्टेंबर, शुक्रवार

उत्तर आलं. "ऊन लागत असेल बाबूजी." थोड्या वेळानं, "माय मनत होती, लोक मारायला आले होते?"

मी लिहिलं, "आले होते. मी उभा होतो."

लगेच फोन वाजला. मी उचलला.

"गुंजन," मी म्हटलं, "मले समजलं."

"काय समजलं बाबूजी?"

"पुरं नाही समजलं. पन तू ये."

ती रडायला लागली. लहानपणी पडली की रडायची तशी, दम लागेपर्यंत. मी फोन कानाला धरून उभाच. प्रेमिलानं येऊन माझ्या हातातून घेतला. मी अंगणात जाऊन मीटरची पेटी उगाच उघडली आणि बंद केली.

९ सप्टेंबर

कृषी सहायक दुर्गेश्वरी मॅडम आल्या. भोजराजनंच बोलावलं होतं, झाड तोडायचा सल्ला मिळेल म्हणून. त्या सरळ चिखलात उतरल्या. धानाचा एक बुंधा वाकवून थापट्या मारल्या तसे पाण्यावर बारीक तपकिरी किडे तरंगायला लागले, राईच्या दाण्यांसारखे.

"हे आहेत तुमचं धान खाणारे. पाणी काढा शेतातलं, चार-पाच दिवस कोरडं पडू द्या. औषध बुंध्यावर मारा, वरून नाही."

"अन् झाडावरचे?" भोजराजनं विचारलं.

त्यांनी महारुखापाशी येऊन बराच वेळ बघितलं. "याचं नाव मले माहीत नाही जी. पन धानावर मी याले कधी पाहिला नाही. ऑफिसात फोटो पाठवून विचारते."

मला त्यांचं बरं वाटलं. माहीत नाही म्हणाल्या. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं होतं की हा त्याचाच लांबचा नातलग आहे, पण भोजराज जवळ होता.

१० सप्टेंबर

भोजराजनं तरीही त्याच्या धानावर येणारी फांदी तोडली. सावली पडते म्हणाला. फांदी त्याच्या बांधावर होती, त्याचा हक्क आहे. पडलेल्या फांदीवर दोन किडे होते, ते उचलून खोडावर ठेवले. एक उडाला, एक राहिला.

संध्याकाळी त्याची बायको वाटीभर अनारसे घेऊन आली. प्रेमिलानं घेतले. वाटी धुऊन परत दिली.

१५ सप्टेंबर, रविवार

वीरेंद्रचा फोन. "प्रणाम बाबूजी. गुंजन इंडियाला येते म्हणते. तुम्ही तिला समजवा ना. लोक काय म्हणतील? तुमचीच इज्जत आहे."

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. सगळं विसरलो. एकच तोंडात आलं. "जावईबापू, जानेवारीत तिले रस्त्यावर उतरवलं होतं काय?"

"तिनं असं सांगितलं? गैरसमज आहे बाबूजी. मी पाच मिनिटात परत येणार होतो."

"उतरवलं होतं का नाही?"

"ती किती बोलत होती तुम्हाला माहीत नाही. गाडी चालवताना..."

"म्हंजे उतरवलं."

तो पुढे बोलत होता. मी लाल बटण दाबलं. पहिल्यांदा बोट चुकलं होतं. अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर काम करताना कधी चुकलं नाही.

१६ सप्टेंबर

सुप्रभातचं फूल आजही आलंच. हे काय आहे? सवय, का त्याला काहीच झालं नाही? मला खरंच कळलं नाही. प्रेमिलानं माझ्या फोनमधून त्याला बंद केलं. मला ते करता येत नव्हतं.

२ ऑक्टोबर

किडे कमी झाले. गुंजन म्हणते, दिवस थंड होतील तसे दिसेनासे होतील, अंडी कुठंतरी सालीवर घालून जातील. मी सगळं खोड बघितलं, अंडी सापडली नाहीत. सापडली तरी ओळखणार कशी? खोडावर मातीचा लपका बसावा तशी असतात म्हणाली, पण तशी तिकडच्याची. आपल्याची कशी असतात, ते तिलाही पक्कं माहीत नाही. कोणी नीट लिहूनच ठेवलं नाही म्हणे.

"मंग तू लिही," मी म्हटलं.

"बघू बाबूजी. पहिले झोपायचं आहे मले. खूप."

१० ऑक्टोबर, गुरुवार

गुंजन आली.

हैदराबादहून बिरसीच्या विमानतळावर विमान उतरतं, तिथं आम्ही दोघं भाड्याच्या गाडीनं गेलो. शिकाऊ पायलटांची छोटी विमानं वर घिरट्या घालत होती. प्रेमिला प्रत्येक वेळी उठून उभी राहायची. मी सांगत होतो, ते नाही, मोठं येईल.

दोन बॅगा घेऊन बाहेर आली. वाळली आहे. केस कापले आहेत. पाया पडायला वाकली तर मी धरलं. काय बोलायचं ठरवलं होतं कोण जाणे, तोंडातून निघालं, "रस्त्यात खाल्लं काय?"

"नाही."

"कुडव्याला थांबू. समोसे गरम असतात."

गाडीत मायच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली ती समोसे थंड झाले तरी उठली नाही.

१३ ऑक्टोबर

झोपते, उठते, खाते, झोपते. काल दसऱ्याला सोनं द्यायला लोक आले. सोनं देतात आणि डोळे तिच्या खोलीकडे. भोजराजही आला. दारातच उभा राहिला. गुंजन बाहेर येऊन स्वतःच म्हणाली, "काका, धान कसं आहे?"

"वाचलं थोडं," तो म्हणाला. मग पायाकडे बघत, "फांदी तोडली मी तुमच्या झाडाची."

"बघितली."

एवढंच. तो चहा घेऊन गेला.

दुपारी ती महारुखापाशी गेली, सगळ्या बाजूनं फिरली. एकही किडा नव्हता. मला वाईट वाटलं, एवढ्या लांबून आली. मी म्हटलं, परवापर्यंत एक होता. ती म्हणाली, "असू द्या. पुढच्या साली."

पुढच्या साली ती इथं असणार का? विचारलं नाही. इथं असली तर मला आनंद होईल की काळजी वाटेल, तेही समजत नाही. वकील, कागद, लोकांची तोंडं, तिची नोकरी. एकेक वायर वेगळी करून बघावी म्हटलं तर सगळ्या एकाच रंगाच्या.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज तिला मोटरसायकलवर गोरेगावला नेलं. आठवडी बाजार नव्हता, तरी तिला घरातून निघायचं होतं. बाजारपेठेत एक ओळखीची बाई भेटली, शाळेतली. "किती दिवसासाठी आली ग?" गुंजन माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "घर तिचंच हाये, बाई. दिवस कायले मोजायचे?" बाई हसून गेली. मला नंतर वाटलं, जरा जास्तच जोरात म्हटलं.

परत येताना दोन्ही बाजूंना धान पिवळं पडत होतं. अर्ध्या रस्त्यात गुंजन मागून बोलायला लागली. आधी वाटलं, बाजारातलं काही सांगते. मग समजलं, तिकडचं सांगते आहे. पहिल्यापासून. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून. समोरून वारा होता, ट्रक जात होते, मला अर्धं ऐकू येत होतं. "... मी मनलं किल्ली दे ..." मग ट्रक. मग "... मले वाटलं माझंच चुकते ..." मग काहीच नाही, मग पुन्हा आवाज. गाडी थांबवून नीट विचारावं असं वाटलं. पण थांबलो असतो तर तिला माझं तोंड दिसलं असतं, आणि मला तिचं, आणि मग ती बोलली नसती. मी गाडी हळू केली.

आमच्या गावचा फाटा आला. ती अजून बोलत होती.

मी वळलो नाही. सरळ जात राहिलो.